टोपी घातलेली मेंढी

"मेंढीला सीट मिळणार नाही," इंगवार म्हणाला. "मधल्या वाटेत उभी राहील."

हिमनदीच्या पायथ्याशी, बसच्या दारात मेंढी उभी होती. तिच्यामागे पोर्तुगालहून आलेल्या एक बाई तिला ढकलत होत्या. इंगवार पुढून ओढत होता. बसचा ड्रायव्हर तोच, वाटाड्या तोच, आणि आज मेंढपाळही तोच. सकाळपासून त्याचं डोकं पिकलं होतं. पहिल्याच धबधब्यापाशी एकानं विचारलं होतं, हा बंद किती वाजता होतो. इंगवार म्हणाला, रविवारी सुट्टी असते. त्या माणसानं मान डोलावली, तेव्हाच इंगवार मनातून खचला.

आणि आता ही. शरद संपत आला होता, डोंगरावरची सगळी मेंढरं कधीच खाली आली होती. ही एकटी बर्फाच्या कडेला दगडधोंड्यांत चरत होती. राहिलेली मेंढी ज्याला दिसेल त्यानं ती धन्याच्या दारात पोचवायची. आमच्याकडे माणूस बायको विसरला तर लोक दोन दिवस हसतात, पण दिसलेली मेंढी सोडून आला तर नातवंडांनाही ऐकून घ्यावं लागतं.

कानातला बिल्ला गळून गेला होता. पण उजव्या कानाच्या टोकाला त्रिकोणी काप होता. ती इंगवारच्या वडिलांची खूण. वडील गेल्यावर शेत इंगवार आणि त्याचा थोरला भाऊ यांच्यात वाटलं गेलं, तेव्हा दोघांनीही उजव्या कानावर तीच ठेवली आणि डाव्या कानावर आपापली वेगळी घातली. डावा कान बघायला इंगवार थांबला नाही. त्याची सगळी मेंढरं घरी होती, त्यानं स्वतः मोजली होती. म्हणजे ही थोरल्याची. कारीची.

कारीचं फाटक त्यानं वर्षानुवर्षं ओलांडलं नव्हतं. वाटणीनंतरच्या पहिल्याच हंगामात इंगवारची एक मेंढी वर राहून गोठून मेली. डोंगरावरून आलेली मेंढरं ज्याची त्याला निवडून द्यायच्या वाड्यात अख्खा गाव जमलेला असताना कारी म्हणाला होता, "आमच्या इंगीला पाहुणे मोजता येतात, मेंढ्या नाही." लोक हसले. तेव्हापासून दुकानात कारी समोर आला की इंगवार बिस्किटांचे पुडे वाचायचा.

आज हिशेब चुकता होणार होता. काळ्या वाळूच्या किनाऱ्यापर्यंत तो मनातल्या मनात भाषणच रचत होता.

पाहुणे भाषण जुळू मात्र देईनात. किनाऱ्यावर तो ओरडत होता, "समुद्राकडे पाठ करू नका, इथली लाट न सांगता येते," आणि सगळे समुद्राकडे पाठ करूनच फोटो काढत होते. एकाला त्यानं कॉलर धरून मागे ओढलं. तो ओला माणूस म्हणाला, "तुम्ही फार चिडता." परत येतो तर पोर्तुगालच्या बाईंनी मेंढीला आपली कानटोपी घालून हनुवटीखाली गाठ मारलेली. मेंढी खिडकीतून लाटा बघत होती. साऱ्या बसमध्ये सांगितलेलं ऐकणारी तेवढी एकच.

"तिला थंडी वाजत होती," बाई म्हणाल्या.

"बाई, तिच्या अंगावर अख्खं लोकरीचं दुकान आहे."

परतीच्या वाटेवर कारीचं शेत लागलं. बस फाटकातून आत गेली, तेव्हा कारी लोकरी मोज्यांवर बाहेर आला.

"काय रे इंगी. रस्ता चुकलास?"

रचलेल्या भाषणातलं एकच वाक्य इंगवारच्या तोंडून निघालं, पण बसमधल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. "घे तुझी मेंढी. मोजता येत नसेल तर पाहुण्यांचा धंदा कर."

कारी खाली बसला. उजवा कान चाचपला. मग कानटोपीचा डावा पदर वर केला आणि बराच वेळ बघत राहिला. पदर खाली घेतला. हनुवटीखालची गाठ नीट आवळली.

"माझीच आहे," तो म्हणाला, तितक्याच मोठ्यानं. "मोजताना चुकलो. आत ये, कॉफी ठेवलीय."

इंगवारला वाटलं होतं, हे ऐकून छाती फुगेल. तसं काही झालं नाही. "नको," तो म्हणाला. "पाहुणे खोळंबलेत."

तो वळला. तेवढ्यात पोर्तुगालच्या बाई धावत आल्या. टोपी त्यांच्या नातीनं विणलेली होती.

"राहू द्या हो बाई," कारी घाईघाईनं म्हणाला. "धुऊन पाठवतो. उद्याच पाठवतो." तो मेंढीच्या पुढे आडवा झाला. पण त्याचं बोलणं बाईंना कळण्यासारखं नव्हतं. त्यांनी त्याला हातानं बाजूला केलं आणि टोपी ओढून काढली.

डाव्या कानाच्या मागच्या कडेला दोन खाचा होत्या. वसंतात, कोकरू असताना, इंगवारनं स्वतःच्या सुरीनं घातलेल्या.

इंगवार कानाकडे बघत राहिला. कारी डोंगराकडे बघत होता, जणू डोंगर आजच आणून ठेवलाय. मेंढी गवताला लागली.

मग इंगवार बसमध्ये चढला आणि त्यानं माईक हातात घेतला.

"पुढचं ठिकाण पत्रकात नाही," तो म्हणाला. "माझ्या भावाचं घर आहे. बूट दाराबाहेर काढा, कॉफी मिळेल. आणि परत निघताना मोजायचं काम तो करेल."