चाचणीतलं पहिलं शेत

वडील गेल्यावर धाकट्या भावाने सगळी जमीन स्वतःच्या नावावर करून घेतली. "तुला शेतातलं काय कळतं?" असं वर बहिणीला ऐकवलं.

यंदा पिकावर अळी पडली. बहिणीने अळीवर नवं औषध शोधलंय हे कळताच तो तिच्या प्रयोगशाळेत हजर.

"ताई, चाचणीत माझं शेत घे ना. घरच्यांना उपयोग नसेल, तर एवढं शिकून काय केलंस?"

"घेते की. पहिलं तुझंच."

माणसं आली, पानन् पान भिजवून गेली. भाऊ बांधावरून शेजाऱ्यांना सांगत होता, "शेवटी रक्ताचं नातं!"


अशा चाचणीत तुलनेसाठी एका शेतावर नुसतं पाणी फवारतात. ते शेत ताईने सर्वांत आधी ठरवलं होतं.