देम्बाच्या आईचा दौरा

"तुम्ही लोकांनी त्याला मारलंत, साहेब, आणि आता त्याच्या आईला हिंडवायचं काम माझ्या गळ्यात घालताय!"

ओडील फोनवर ओरडली. तिचा नवरा आर्मां टेबलापाशी वेली छाटायच्या कात्रीला धार लावत होता. त्याने मान वर केली नाही.

पलीकडे शॅम्पेनच्या मळ्यांना तोडणीच्या तारखा ठरवून देणाऱ्या द्राक्ष-समितीचे साहेब होते; आवाज थंड होता. "पोरगा उन्हाने गेला, मादाम. अहवालात तसंच आहे."

"उष्णतेची लाट येतेय, द्राक्षतोडणीची मुदत वाढवा, म्हणून अख्खं गाव तुमच्या दारात उभं होतं. तुम्ही खिडकीसुद्धा उघडली नाहीत."

"झालं ते झालं. बाई गुरुवारी आफ्रिकेतून, मालीहून येतायत. आधी कॅथेड्रल दाखवा, मग शॅम्पेनचं तळघर. जेवणात डुकराचं काही नको. शॅम्पेन ओतू नका, सफरचंदाचा रस द्या. वेलींच्या उतारावर न्यायचं नाही. हट्टच धरला तर बांधावरच्या अक्रोडाखाली न्या. इथे सावलीत गेला म्हणावं, हातात पाण्याची बाटली होती म्हणावं. बाई समाधानाने परत गेल्या पाहिजेत. खटला उभा राहिला तर तुमचा मळा राहील का, तेवढं बघा."

फोन बंद झाला.

"त्यांचं काय चुकलं?" आर्मां म्हणाला. "म्हण बघू एकदा. अक्रोडाखाली गेला."

"अक्रोडाखाली गेला."

"पाणी होतं."

पाणी नव्हतं. उन्हात द्राक्षं खराब होतील म्हणून पाण्याचं पिंप ट्रॅक्टरवरून उतरवून त्या जागी पेट्या चढवल्या होत्या. तोडणीला आलेल्या देम्बाने पाणी मागितलं होतं, ते ओडीलकडेच. "ही ओळ संपव, मग," असं ती म्हणाली होती. ओळ संपायच्या आत तो वेलींमध्ये कोसळला. हे आर्मांला ठाऊक होतं. साहेबांनाही ठाऊक असावं.

"मला तो दिसतो," ती म्हणाली.

"झालं सुरू."

"काल पुन्हा दिसला. वरच्या ओळींच्या टोकाला, धुक्यात. पाठमोरा. मी हाक मारली, देम्बा! तसा वळला, चेहरा काही धुक्यात दिसला नाही. मग टेकडीपलीकडे उतरला."

आर्मां हसला. "जिवंत होता तेव्हा घसा फुटेस्तोवर ओरडलो तरी ओ द्यायचा नाही. आता एका हाकेत वळतो? मेल्यावर कान सुधारले वाटतं त्याचे."

ओडीलने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने पुन्हा कात्रीत डोकं घातलं.

गुरुवारी देम्बाची आई, सिरा दियावारा, आली. उंच बाई. अंगावर कुणाचातरी मागून आणलेला कोट, बाह्या तोकड्या. कॅथेड्रलच्या रंगीत काचांकडे तिने बघितलंच नाही. ती माणसांकडे बघत होती. बसथांब्यावर, पावाच्या दुकानात, रस्त्याकडेला छाटलेल्या काटक्या जाळत उभ्या असलेल्या मजुरांकडे. एकेका चेहऱ्यावर तिची नजर थांबायची आणि पुढे सरकायची. तळघरात मुरत ठेवलेल्या बाटल्या थोड्या थोड्या फिरवणाऱ्या म्हाताऱ्याने टोपी काढून नमस्कार केला, तर त्याच्या मागे अंधारात आणखी कोण आहे ते ती वाकून बघू लागली.

"आमच्याकडची पोरं अजून येतात का इथे कामाला?" तिने विचारलं.

"कधीमधी," आर्मां म्हणाला. "रस घ्या ना. आमच्याच झाडाच्या सफरचंदांचा आहे."

"मला तो पडला ती जागा बघायची आहे."

तिघं अक्रोडापाशी गेली. झाडावर एक पान नव्हतं. खाली दरीत धुकं होतं, आणि नागड्या वेलींच्या ओळी त्यात बुडून गेल्या होत्या. आर्मांने टोपी छातीशी धरली आणि ठरलेलं सगळं सांगितलं. सावली. बाटली. लगेच आलेला डॉक्टर. शांत चेहरा. तो चांगलं बोलला. ओडीलला वाटलं, आपण तेव्हा तिथे नसतो तर आपलाही विश्वास बसला असता.

सिराबाईच्या डोळ्यांत टिपूस नव्हता.

"खोटं आहे," ओडील म्हणाली.

"ओडील!"

"गप्प बस. सगळं खोटं आहे, बाई. तो तिथे पडला, उघड्यावर, त्या ओळीत. पाणी मागितलं होतं त्याने, माझ्याकडे. मी म्हटलं, आधी ओळ संपव. खटला घाला आमच्यावर. मळा जाऊ दे. मला आता झोप येत नाही."

सिराबाईने त्या ओळीकडे पाहिलं.

"हे त्याच्या आईला सांगायला हवं," ती म्हणाली. "ती कोण, कुठली, मला माहीत नाही."

ओडीलला वाटलं, दुःखाने बाईचं डोकं फिरलंय.

"शवपेटी उघडू नका, असं तुमच्या साहेबांनी लिहिलं होतं. पण आमच्यात अंघोळ घातल्याशिवाय मातीत ठेवत नाहीत. आम्ही उघडली. आतलं पोर परकं होतं. आमची पोरं कामासाठी एकमेकांचे कागद वापरतात, नावं वापरतात. त्याने माझ्या लेकाचं नाव लावलं होतं. आम्ही त्याला अंघोळ घातली, आपला म्हणून रडलो, पुरलं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?" आर्मांचा आवाज चिरकला.

"बोलले असते तर येऊ दिलं असतं? मेलेल्याच्या आईला व्हिसा मिळतो, हरवलेल्याच्या आईला नाही."

ओडीलला धुक्यात 'देम्बा' या हाकेसरशी वळलेला पाठमोरा पोरगा आठवला. सिराबाईने तिचं मनगट घट्ट धरलं.

"आता खरं बोलायला लागलाच आहात, तर सांगा बाई. माझा देम्बा कुठे आहे?"