डायचा दोष

काडतूस आत सारून ढकलला तरी रायफलीचा बोल्ट याही वेळी मिटला नाही. बोटभर अलीकडेच अडला. व्हर्लिन हॉगनने रायफल टेबलावर ठेवली आणि आयडाहोतल्या क्लिफ्टन नावाच्या म्हाताऱ्या कारागिराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

ही तिसरी खेप. जानेवारीपासून डाय टपालाने जात होती, दुरुस्त होऊन परत येत होती. आता सप्टेंबर लागला होता.

व्हर्लिनच्या गॅरेजात जुन्या डायच्या एकशे चाळीस जोड्या होत्या. उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी प्रेसमध्ये दाबून पुन्हा मापात आणणारे हे पोलादी साचे, त्यातले काही त्याच्या जन्माआधीचे. तो ते नुसते जमवत नसे, वापरतही असे. दुकानातलं काडतूस त्याने वीस वर्षांत विकत घेतलं नव्हतं. एवढ्या ढिगात एकाच रायफलीची डाय नसावी आणि ती रायफल नेमकी बापाची असावी, हे त्याला फार लागलं होतं. वर बायकोचं, डोरीनचं, बोलणं ऐकावं लागे. कपाट भरलंय आणि घालायला काही नाही, असं मी म्हटलं की हसायचास ना, म्हणायची.

बापाने, अर्नी हॉगनने, आणि शेजारच्या रँचवरच्या ऑटो पेट्रॅकने गावच्या बंदूकसाजाकडून एकाच वेळी दोन रायफली करवून घेतल्या होत्या. काडतूसही त्या बंदूकसाजाच्याच डोक्यातलं. कुठल्या कारखान्याने ते कधी बनवलं नाही. पुढे तो मेला, दुकान जळालं, त्यात डायही गेल्या.

त्याआधी, अठ्ठावन्न सालच्या नोव्हेंबरात, एक एल्क पडला होता. एवढ्या शिंगांचं सांबर मोंटानाच्या त्या भागात पुन्हा कुणी पाहिलं नाही. कड्यावर दोघे मित्र होते, दोघांनी गोळ्या झाडल्या आणि दोघेही म्हणाले, माझा. अर्नीने आपल्या बंदुकीतून उडालेल्या म्हणून तीन पुंगळ्या आणून गावच्या शिकारी क्लबच्या टेबलावर ठेवल्या. ऑटो रिकाम्या हाताने आला. गावाने काय समजायचं ते समजलं. दोघे मरेपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत.

येत्या शनिवारी क्लबच्या नव्या दालनात त्या एल्कचं मुंडकं लागणार होतं, खाली अर्नीच्या नावाची पितळी पाटी. आणि उद्घाटनाला बाहेर मैदानात मुलाने बापाच्या रायफलीने पहिली गोळी झाडायची, असं ठरलं होतं. सत्तरीतल्या व्हर्लिनला आता एवढी एकच गोष्ट हवी होती.

म्हणून त्याने संग्रहातली जवळच्या मापाची एक जुनी डाय निवडली, बापाच्या तंबाखूच्या डब्यातून त्या तीन पुंगळ्या काढल्या आणि सगळं क्लिफ्टनकडे पाठवलं. रीतच तशी. आपल्या बंदुकीतून उडालेल्या पुंगळ्या पाठवायच्या, कारागीर त्यांच्या मापाने डाय कोरून देतो. काम मनासारखं होईपर्यंत पुंगळ्या त्याच्याकडेच राहतात.

त्याने क्लिफ्टनला फोन लावला. शनिवार चार दिवसांवर आलाय, तुमचं वय झालंय, डोळे गेले असतील तर तसं सांगा, असं बरंच काही बोलला.

"माझी डाय तुझ्या पुंगळ्यांना चोख आहे," क्लिफ्टन म्हणाला. "गोळी सुटली की पुंगळी फुगून चेंबरचा, काडतूस बसतं त्या खोबणीचा, ठसा घेते. एकाच माणसाने एकाच हत्याराने कोरलेली दोन चेंबरंसुद्धा सारखी नसतात. रायफल तरी पाठव, नाहीतर दुसरी पुंगळी पाठव."

"दुसरी असती तर तुमच्या दारात कशाला आलो असतो?" व्हर्लिन म्हणाला आणि फोन ठेवला. बापाची रायफल टपालात टाकायला तो काही वेडा नव्हता.

दुपारी ऑटोचा मुलगा लाइल आला. एका हातात कागद, दुसऱ्या हातात कापडात गुंडाळलेली रायफल. पाटीवरून पुढे भांडण नको म्हणून क्लबला पेट्रॅकांची सही हवी होती. एल्क अर्नी हॉगनचा, आमचा दावा खोटा, एवढंच कागदावर लिहिलं होतं. व्हर्लिननेच तो कागद दोन महिने त्याच्यामागे लावला होता.

"घे, केली सही," लाइल म्हणाला. "बाबा जायच्या दिवशीही तेच धरून बसले होते, एल्क माझा म्हणून. मी म्हटलं, आता मरताना तरी खरं बोला. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं, ते पुन्हा माझ्याशी बोललेच नाहीत."

विषय बदलायला व्हर्लिनने डायचं गाऱ्हाणं काढलं. टेबलावर दुसऱ्याच, जवळच्या मापाच्या काडतुसाच्या दहा पुंगळ्या दुरुस्त होऊन आलेल्या डायमधून काढून ठेवल्या होत्या. एकीत दारू न भरता नुसती गोळी बसवून त्याने मापाचं काडतूस केलं होतं.

लाइलही घरी काडतुसं भरणारा. व्हर्लिनची डाय अडल्याचं कानावर आलं म्हणूनच त्याने रायफल आणली होती. त्याने कापड सोडलं. "तुझी रुसली असेल तर शनिवारी बाबांची ही चालव. दोन्ही एकाच हातच्या. लांबून कुणाला कळतंय? काडतूस तेवढं हिच्यात बसलं पाहिजे."

"बसायचं नाही," व्हर्लिन म्हणाला. "त्या आंधळ्याची डाय कशालाच बसायची नाही."

लाइलने काडतूस उचललं आणि आत सारलं. घरच्या दाराची कडी लागावी तसा बोल्ट मिटला. त्याने उघडून पुन्हा मिटला. काडतूस आत तसूभरही हललं नाही.

"उगाच शिव्या देतोस म्हाताऱ्याला. डाय तर हिच्यासाठीच..." लाइल हसत म्हणाला आणि मध्येच थांबला. हात बोल्टवरच राहिला.

"व्हर्लिन," त्याने विचारलं, "क्लिफ्टनला तू पुंगळ्या कुठल्या पाठवल्या होत्यास?"