रातची लाईट

डोळ्यांसमोर आणा पाहू. हिंगोलीच्या पुलाखालून कयाधूच्या काठाकाठाने एक कच्ची वाट निघाली आहे. रविवारची सकाळ आहे. पुढे एक सायकल चालली आहे, जाड टायरांची, डोंगरात चालवतात तसली, आणि तिला बॅटरी आहे. मागे दुसरी सायकल आहे. तिची चेन घडोघडी उतरते. आता सांगा, तुम्ही कोणत्या सायकलवर बसलात?

रीता मागच्या सायकलवर होती.

पुढे तिच्याच वर्गातली अफशीन होती. अफशीनला ही सायकल शाकीरमामूंनी पुण्याहून आणून दिली होती. काठाने सायकली हाणत रीताच्या काकीच्या शेतावर जायचं, हळद शिजवताना बघायची आणि दिवस मावळायच्या आत परतायचं, हा बेत रीतानेच काढला होता. तेव्हा अफशीनकडेही साधीच सायकल होती.

चढ आला की अफशीन अंगठ्याने बटण दाबायची. सायकल गुणगुणल्यासारखी वर जायची. मग ती मागे वळून ओरडायची, "ये ना गं! काहून थांबली?"

रीता थांबलेली नसायचीच. ती जीव काढून पायडल मारत असायची.

म्हशी धुणाऱ्या माणसाने म्हैस सोडून अफशीनला विचारलं, "केवढ्याची गं पोरी?" धुणं धुणाऱ्या बायांचे हात थांबले. दोन पोरं सायकलमागे पळत सुटली, ती रीताला मागे टाकून पळाली. रीताने सकाळी नवी रिबीन बांधली होती. तिच्याकडे कोणी पाहिलं नाही.

अर्ध्या वाटेत बाभळीखाली दोघी पाणी प्यायला थांबल्या.

"किती घाम आला गं तुला!" अफशीन म्हणाली. रीताने तिच्याकडे न बघता बाहीने तोंड पुसलं.

अफशीनने हँडलवरचा आकडा पाहिला. "पस्तीस टक्के बॅटरी गेली. हळू घेऊ का आता? की तुझ्या काकीच्या शेतात लाईट असती? चार्जर आणलाय मी."

शेतातली लाईट पाळीने येते, हे रीताला ठाऊक होतं. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. हा आठवडा रात्रीचा होता.

"हाये की," रीता म्हणाली. "मोटारीचा डबा हाये, बोर्ड हाये, सगळं हाये."

डबा होता, बोर्डही होता. त्यात खोटं काही नव्हतं.

"मग फुल पावरवर घेते!" अफशीन म्हणाली आणि धुरळा उडवत निघून गेली.

शेतावर हळदीच्या मोठ्या कढईतून वाफ निघत होती. रीताच्या काकीने, नानीबाईने, पिवळे हात पदराला पुसले आणि मगच अफशीनच्या सायकलला हात लावला. "घोड्यावानी हाये गं ही! बसू का घडीभर?" ती बसली, हसली, उतरली. मग रीताच्या सायकलच्या हँडलवर तिने एक ओलं पोतं वाळत टाकलं.

नानीबाईने दोघींना भाकरी वाढली, तोवर अफशीनने बोर्डात चार्जर लावला. त्याचा दिवा लागेना. तिने पिन काढून परत घातली.

"काकी, लाईट गेली का?"

"जाती कशाची, आलीच कवा? या हप्त्यात रातची पाळी हाये बाई. तुझा काका भुईमुगाला पाणी द्यायला रातभर जागून राहिला." नानीबाई रीताकडे वळली. "काय गं, काल त्यानं तुझ्या बापाला फोन केला, तवा तूच तर उचलला होता. इसरली व्हय?"

रीताने ताटातल्या भाकरीकडे पाहिलं. अफशीनने रीताकडे पाहिलं.

"विसरली असंल, काकी," अफशीन म्हणाली. तिने चार्जरची वायर हळूहळू गुंडाळली. "परत जाताना ही रीताला चालवायला द्यायची होती. म्हणून म्हटलं, फुल करून ठेवावी."

रीताच्या तोंडातला घास तोंडातच राहिला.

परतताना निम्म्या वाटेच्या अलीकडेच बॅटरी संपली. बॅटरीवाचून ती सायकल भरल्या पोत्यासारखी जड झाली. सपाटीला अफशीन कशीबशी रेटत राहिली. चढ आला तशी ती उतरली.

रीता पुढे होती. दिवसभरात पहिल्यांदा ती चढाच्या माथ्यावर आधी पोचली. नदीतून सकाळचाच म्हशीवाला ओरडला, "काय गं पोरी, घोडं दमलं का?" तो अफशीनला हसत होता. सकाळपासून रीताला जे जे हवं होतं, ते सगळं आता झालं होतं.

तिने मागे वळून पाहिलं. अफशीन वाकून सायकल ढकलत होती. ओढणी घामाने गळ्याला चिकटली होती. 'काहून थांबली?' हे शब्द रीताच्या अगदी ओठांवर आले.

तिने ते गिळले. आपली सायकल बाभळीला टेकवली आणि ती चढ उतरून खाली गेली.

"सोड. मी घेते."

"जड हाये लई."

"माझी घे तू. वर ठेवलीय." रीताने हँडल धरलं. मग अफशीनकडे न बघताच म्हणाली, "मला ठाऊक होतं. रातची पाळी."

"कळलं होतं मला," अफशीन म्हणाली. "तुझी भाकरी गिळंना तवाच. आता नीट धर, न्हाईतर मागं येईल अंगावर."

आणि ती पुढे चालू लागली.

सकाळपासून डोळ्यांपुढे नाचणारं ते हँडल आता रीताच्या हातात होतं. तिचा अंगठा आपोआप बटणावर गेला. तिने तो उचलला, मान खाली घातली आणि सायकल चढावर रेटायला लागली.