आत्याचं मागणं

थोरल्या नणंदेनं, पिसिला वन्संनी, बोट दाखवलं आणि शिलाईमशीन गेलं. मग दोन चटया गेल्या. मग परसातली गाभण डुकरीण. प्रत्येक वेळी लोसा हसून "घ्या ना, वन्सं" म्हणत होती आणि पोरीला या कडेवरून त्या कडेवर घेत होती.

"जीव अडकलाय का गं मशीनमध्ये?" वन्संनी विचारलं. "विमानात मांडीवर घेऊन बसणार होतीस की काय?"

माणसं हसली. लोसाही हसली. मशीनचं तिला काहीच नव्हतं. अख्खं घर मागितलं असतं तरी तिनं किल्ली काढून दिली असती.

रविवारची प्रार्थना आटोपून सगळे, चर्चचे वडीलधारीसुद्धा, थेट सेमिसी आणि लोसाच्या घरी जेवायला आले होते. भट्टीतलं डुक्कर, नारळाच्या दुधात शिजलेली अळूची पानं, सुरण, सगळं पानांवर मांडलेलं होतं. उद्या सकाळी सेमिसी, लोसा आणि आठ महिन्यांची सियाले टोंगा सोडून ऑकलंडला निघणार होते. तिकडे सेमिसीला फळं भरायच्या कारखान्यात काम मिळालं होतं. तिकिटं तिघांची होती.

पण शुक्रवारी सुरण सोलता सोलता सासूबाई म्हणाल्या होत्या, "पोर वर्षभर राहू दे माझ्याजवळ. तुमचं बस्तान बसलं की न्या."

वर्षभर म्हणजे किती, हे बेटावर सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारचा वेआ असाच वर्षभरासाठी राहिला होता. आता त्याला मिसरूड फुटलं होतं. तो आजीला आई म्हणायचा, आणि आईचा फोन आला की घरात कुणी नाही असं सांगायचा.

"आईला नाही कसं म्हणू?" एवढंच सेमिसी म्हणाला होता. तेव्हापासून लोसानं पोरीला जमिनीवर ठेवलं नव्हतं. अंघोळीलाही ती तिला घेऊन जायची. रविवारी कामाला हात लावायचा नसतो, तरी आज सकाळपासून तिनं तीनदा बॅग उघडली होती. पोरीचा पासपोर्ट आधी बॅगेत होता, मग उशीच्या अभ्र्यात, आणि आता तिच्या झग्याच्या आत, घामानं पोटाला चिकटलेला.

तिनं ठरवलं होतं. पहाटे सासूबाईंचे पाय धरायचे. रडायचं, भांडायचं, वेळ पडली तर दारात आडवं पडायचं. सासूबाईंपुढे निदान रडता तरी आलं असतं. वन्संपुढे तेही नव्हतं. इथल्या रीतीनं भावाच्या घरात थोरल्या बहिणीचा शब्द शेवटचा. ती मागेल ते द्यायचं. मध्ये कुणी बोलायचं नाही. बापानं नाही, आजीनंही नाही. सियालेचं नावसुद्धा आत्या म्हणून वन्संनीच ठेवलं होतं.

आणि वन्संना मूल नव्हतं.

सेमिसी उंबऱ्याबाहेर बसला होता. थोरली बहीण घरात असताना तो आत येऊन बसत नसे. लोसानं दोनदा त्याच्याकडे पाहिलं. तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता.

"घे बाई, काही शिल्लक ठेवू नकोस," सासूबाई लेकीला म्हणाल्या. "पोर तेवढी माझी. माझं तिच्याशी ठरलंय."

"तिच्याशी ठरलंय? बोलायला कधी लागली?" वन्संनी विचारलं. पुन्हा हशा झाला. वन्संनी सावकाश पानाला बोटं पुसली.

"एक राहिलं," त्या म्हणाल्या. "लोसा, पोरगी दे."

हशा थांबला. चर्चच्या वडीलधाऱ्यांनी हातातली वाटी तशीच खाली ठेवली. लोसानं दाराकडे पाहिलं. सेमिसीचा अंगठा थांबला होता, पण मान वर झाली नाही. तिला वाटलं, उठावं आणि पोरीसकट पळत सुटावं. पण पळणार कुठं? एका टोकाला उभं राहिलं की दुसरं टोक दिसेल एवढं ते बेट.

तिनं पोरीच्या मुठीतून आपले केस सोडवले. एकेक बोट उघडावं लागलं. मग चटईवरून गुडघ्यांवर पुढं सरकून तिनं सियालेला वन्संच्या हातात दिलं. "घ्या, वन्सं," असं म्हणायचं असतं. ती पोरीचं झबलं नीट करत राहिली.

सासूबाईंचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्या सावरल्या. "बरंच झालं. दोन घरं टाकून तर राहतेस. दिवसा माझ्याकडे, रात्री तुझ्याकडे."

वन्संनी तिकडे लक्ष दिलं नाही. पोरीला मांडीवर उभं करून त्यांनी माणसांकडे नजर फिरवली.

"सगळ्यांनी पाहिलं? पोरगी माझी झाली."

"पाहिलं," चर्चचे वडीलधारी म्हणाले.

"आई, तू पाहिलंस?"

"पाहिलं गं. आता काय गावात दवंडी पिटतेस?"

"म्हणजे हिला आता दुसऱ्या कुणी मागायचं नाही."

"कोण मागतंय तुझ्यानंतर?"

"तू," वन्सं म्हणाल्या.

वन्सं उठल्या. पोरीला घेऊन पानांच्या कडेकडेनं चालत आल्या आणि वाकून त्यांनी तिला लोसाच्या मांडीवर ठेवलं.

"ऑकलंडला माझी पोरगी सांभाळायला वेळ मिळेल ना गं तुला?"