हात हलवला की दिवा

नोकरी सांभाळून ती शाश्वत विकास या विषयात एम.एस्सी. करत होती. प्रकल्प म्हणून तिनेच साहेबांच्या मागे भुणभुण लावून ऑफिसात सेन्सरचे दिवे बसवून घेतले होते. हालचाल थांबली की आपोआप विझणारे. वीज वाचली, साहेब खूश झाले. पण ऑफिस सुटलं की सगळे घरी पळायचे आणि घरी वाट बघणारं कोणी नसल्याने ती तिथेच पुस्तक उघडून बसायची. वाचनात जरा रमली की दिवा गुल! मग एकटीनेच अंधारात हात उंच करून हलवायचा.

एकदा समोरच्या इमारतीतल्या खिडकीतूनही कोणीतरी हात हलवला. चेहरा काही दिसला नाही, पण मग ते रोजचंच झालं. दिवसभरात तिला हात करणारं तेवढंच एक माणूस होतं.

आज इलेक्ट्रिशियन नवे सेन्सर घेऊन आला. "ताई, हे गपचूप बसलेल्या माणसालाही ओळखतात. आता हातवारे बंद!"

"राहू द्या हो दादा, माझं काही अडत नाही."

"अहो, समोरच्या इमारतीत कालच बसवले. तिथेही एक जण रोज दिव्यासाठी असाच हात हलवत बसायचा."

तिचा चेहरा खर्रकन उतरला. "मग बसवून टाका," ती म्हणाली.

संध्याकाळी दिवा विझलाच नाही. बराच वेळ मान खाली घालून वाचल्यावर तिने सहज वर पाहिलं.



समोरच्या खिडकीत, लख्ख उजेडात उभं राहून, कोणीतरी हात हलवत होतं.