घाईचं माप

गायकसाहेबांनी मनावर दगड ठेवला होता. आजच्या तालमीतही ड्रमवाला तालाच्या आधी पोहोचला, तर त्याला नारळ द्यायचा. तीस वर्षांचा दोस्त खरा, पण बँडमध्ये त्याचं नावच 'एक्स्प्रेस' पडलं होतं.

बँडचा साउंड त्याची लेक सांभाळायची. बाबांचा जुना इलेक्ट्रॉनिक ड्रम आणि स्वतःच्या सरावाचा सेकंडहँड ड्रम, असे दोन्ही तिने मिडीच्या वायरींनी एकाच लॅपटॉपला जोडले होते. पॅडवर काठी पडली की वायरीतून नुसती वर्दी जायची, ड्रमचा आवाज लॅपटॉप काढायचा. साहेबांचा माइकही त्याच लॅपटॉपमधून जायचा.

तालीम सुरू झाली आणि साहेब थक्क झाले. एकूण एक ठोका जागच्या जागी!

"एक्स्प्रेस, लेका, आज चक्क वेळेवर?"

"वय झालं रे," म्हणत ड्रमवाला लाजून पाणी प्यायला गेला.

साहेबांनी लॅपटॉपमध्ये डोकावलं. "अगं, इथं ड्रमचा आवाज तीस मिलिसेकंद उशिरा सुटतोय. चुकून राहिलं वाटतं."

"चुकून नाही, काका. बाबांच्या घाईचं माप आहे ते. जुनी रेकॉर्डिंग ऐकून काढलंय. त्यांना सांगू नका हं."

साहेब लॅपटॉपच्या आणखी जवळ सरकले. मग घसा खाकरून हळूच म्हणाले, "माझा वरचा सूर हल्ली जरा उतरतो. त्याचंही काही करता येईल का गं?"

"ते दोन वर्षांपूर्वीच केलंय, काका. बाबांनीच करायला लावलं. तुम्हाला सांगू नको म्हणाले होते."